उलटी जोडलेली बॅटरी

१

सोमवारी दुपारी मी एका बाईंची अक्कलदाढ काढत होतो, तेवढ्यात रिसेप्शनवरची मुलगी दार न वाजवता आत आली.

"डॉक्टर, तुमची गाडी जळाली."

"खाली लावलेली?"

"नाही, ती. गॅरेजमधली."

ती म्हणजे बाबांची गाडी. दुधी निळ्या रंगाची, दोन सीटची, उघड्या छताची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्या जन्माच्याही आधीची. मी नऊ वर्षांचा असताना बाबांनी ती एका पुलाच्या कठड्यावर घातली, आणि त्यानंतर तीस वर्षं ती घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. राग धरायला माणूसच उरला नाही, तेव्हा मी गाडी धरली. दोन वर्षांचे सगळे रविवार तिच्यात घातले. कुजलेला पत्रा कापून नवा जोडला, तारांची चाकं सोलून चकचकीत केली. बाहेरून ती होती तशीच ठेवली, आतून मात्र नवीन केली: पुढे डिस्क ब्रेक, पाच गिअरांचा बॉक्स, कार्बोरेटर काढून इंजेक्शन, डायनामो काढून अल्टरनेटर. येत्या रविवारी आईला शेजारी बसवून मी ती पहिल्यांदा रस्त्यावर काढणार होतो.

पेशंटला दुसऱ्या डॉक्टरच्या हवाली करून मी गॅरेजवर पोचलो तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि आतून जळक्या रबराचा वास येत होता. बॉनेट काळंठिक्कर पडलेलं. डॅशबोर्ड वितळून खाली लोंबत होता, मीटरच्या काचा तडकल्या होत्या. मी तिथेच उभा राहिलो. 

बाहेर पायरीवर आमचा इलेक्ट्रिशियन बसला होता, उजवा हात पाण्याच्या बादलीत बुडवून. त्याला सगळे फ्यूज म्हणत. गॅरेजचे मालक उस्ताद शेजारी उभे होते. सोमवार हा गॅरेजच्या सुट्टीचा दिवस. समोरच्या काचवाल्याला शटरखालून धूर येताना दिसला, त्याने पाटीवरच्या नंबरवर फोन केला. तो नंबर फ्यूजचा. फ्यूजने येऊन कुलूप उघडलं आणि आग विझवली.

"कुलूप तुटलं नव्हतं?" मी विचारलं.

"शाबूत होतं," उस्ताद म्हणाले.

किल्ल्या तीनच. एक उस्तादांकडे, एक फ्यूजकडे, एक माझ्याकडे. उस्ताद सकाळपासून मुलीच्या गावी होते, आत्ताच बसमधून उतरले होते. मी दवाखान्यात होतो.

एरवी फ्यूजला तुम्ही म्हणणारा मी एकदम तूवर आलो. "सुट्टीच्या दिवशी किल्ली तुझ्याकडे, वायरिंग तुझं, आणि आग विझवायलाही पहिला तूच?"

काचवाला, त्याचे दोन कामगार, रंगारी, उस्ताद, सगळे ऐकत होते. फ्यूजने मान वर केली. "वायरिंग माझंच. म्हणून तर आत हात घातला."

"आग लावणाराच आधी पोचतो."

 डाव्या हाताने फ्यूजने खिशातून जुडगा काढला, त्यातली गॅरेजची किल्ली दाताने सोडवली, उस्तादांच्या पायाशी ठेवली आणि चालू लागला.

 तेवढ्यात आतून उस्तादांची हाक आली. ते सीटमागच्या बॅटरीच्या खोक्यावर वाकले होते.

"डॉक्टर, इकडे या. हा अपघात नाही."

२

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीच्या सर्वेयर आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, हातात टॉर्च आणि खांद्याला कापडी पिशवी. चपला बाहेर काढूनच आत आल्या, जणू कुणाच्या घरी आल्या आहेत. तासभर त्या गाडीत डोकं घालून होत्या. मग मला आणि उस्तादांना बोलावलं.

"बॅटरी उलटी जोडलीय," त्या म्हणाल्या. "अधिकचं टोक बॉडीला आणि उणेचं टोक वायरिंगला. अल्टरनेटरमधून सगळा करंट उलटा गेला, वायर आतल्या आत तापत राहिली. असं झालं की आग दिसायला अर्धा तास सहज लागतो."

"कुणाची चूक असेल," मी म्हटलं. खरं तर त्यांनी ते खोडून काढावं असंच मला वाटत होतं.

"चुकून होत नाही. अधिकचा खांब जाड असतो, उणेचा बारीक. बारीक खांबाचा क्लॅम्प इथे जाडावर बसवलाय. तो बसत नव्हता, म्हणून स्क्रू ड्रायव्हर घालून फाकवलाय. हे बघा ओरखडे. ज्याने केलं, त्याने ठरवून, जोर लावून केलं."

म्हणजे कुणीतरी जाणूनबुजून.  "मी म्हटलं नव्हतं? फ्यूज!"

"कशासाठी?" बाईंनी शांतपणे विचारलं.

 उस्तादांनी दुसरी दोन नावं सुचवली. एक म्हणजे ज्यांना आम्ही म्युझियम म्हणायचो, ते गृहस्थ. त्यांच्याकडे बावीस जुन्या गाड्या होत्या, माझ्या गाडीच्या जोडीची एक त्यांत होती, आणि मी तीनदा नकार देऊनही ते चौथ्यांदा विचारायला आले होते. दुसरा माझा मामा. बाबांच्या तारुण्यात तो त्यांच्याबरोबर याच गाडीतून फिरलेला. आत नवीन यंत्रं बसवायला त्याचा कडाडून विरोध होता. "कातडं तेवढं ठेवलंस आणि आतला माणूस बदललास," असं तो मला सगळ्यांदेखत बोलला होता.

म्युझियम भेटायला आले तेच डोळे पुसत. "जाळायला मी काय राक्षस आहे? अहो, हिचा एक आरसा फुटला तरी मला जेवण जात नाही." सोमवारभर ते आपल्या गाड्या पाहायला आलेल्या पन्नास शाळकरी मुलांच्या गराड्यात होते. शिक्षिकेने फोनवर दुजोरा दिला.

मग बाई मला घेऊन फ्यूजच्या घरी गेल्या. मला जायचं नव्हतं. त्याने दार उघडलं, मला पाहिलं, आणि फक्त बाईंशी बोलला. त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी होती.

"शनिवारी गाडी कशी सोडली होतीत?"

"बॅटरी खोक्यात, दोन्ही क्लॅम्प काढून कापडात गुंडाळलेले. सुट्टी असली की मी नेहमी काढतो."

"सीट?"

"पार मागे. माझे पाय बघा ना."

"आणि डॅशबोर्डवरची चोकची मूठ?"

तो क्षणभर गोंधळला. "ती नुसती शोभेची आहे. इंजेक्शन बसवल्यावर चोक लागतच नाही. डॉक्टरांना डॅशबोर्ड जुन्यासारखा हवा होता म्हणून ठेवली. मागे तारसुद्धा नाही तिला."

"आत दाबलेली होती?"

"पूर्ण आत."

बाईंनी वही मिटली. "आता ती दोन बोटं बाहेर ओढलेली आहे. आणि सीट पार पुढे, शेवटच्या खाचेत."

फ्यूज उठून उभा राहिला. त्याला कळलं होतं. मला नाही.

३

"तुम्हीच विचार करा," परत येताना बाई म्हणाल्या. "गाडी जाळायचीय. तुम्ही बॅटरी उलटी जोडाल आणि निघून जाल. सीट पुढे ओढून आत कशाला बसाल? चोक कशाला ओढाल?"

"मग?"

"तो माणूस गाडी जाळायला आला नव्हता. सुरू करायला आला होता."

मी रस्त्यातच थांबलो.

"आता असं बघा. मूळ गाडीत बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला होतं?"

"अधिक," मी म्हणालो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत तसंच असायचं. अल्टरनेटर बसवायचा म्हणून आम्ही ते उलटं करून उणे बॉडीला घेतलं होतं, क्लॅम्पही बदलले होते.

"म्हणजे त्या माणसाने बॅटरी उलटी जोडलीच नाही. त्याच्या मते सुलटी जोडली. क्लॅम्प बसेना तेव्हा तो क्लॅम्पशी झगडला, पण आपल्या माहितीवर शंका घेतली नाही. थंड इंजिन म्हणून चोक दोन बोटं ओढला. ही गाडी पूर्वी कशी होती ते त्याला अंगवळणी पडल्यासारखं ठाऊक आहे. आणि तिच्यात काय बदललं, ते अजिबात ठाऊक नाही."

"मामा!" मी ओरडलोच.

आम्ही तसेच मामाकडे गेलो. मामाने माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि खुर्चीतून उठला. तो उठला की दाराची चौकट लहान वाटायची. सहा फूट दोन इंच.

"मला त्या शेवटच्या खाचेत बसवून दाखव," तो म्हणाला. "गुडघे कानाला लागतील. आणि अल्टरनेटर कुणी आणून दिला तुला? मीच ना? बडबड केली, पण आणून दिला. त्याच्या कागदावर लिहिलं होतं, आधी बॅटरीची टोकं बदला. ते फ्यूजला मीच वाचून दाखवलं, चष्मा लावून, दोनदा. तू होतास तिथे."

मी होतो. मला आठवलं. 

बाईंनी त्याला एकच प्रश्न विचारला. "त्या काळी ही गाडी कोण कोण चालवायचं?"

"भावोजी. दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसत, मलाही नाही." तो थांबला. "निदान माझ्यासमोर तरी नाही."

४

गॅरेजच्या ऑफिसात भिंतीवर उस्तादांनी कामाचे फोटो लावले होते. रंग खरवडून काढल्यावरचा गाडीचा उघडा सांगाडा, सगळ्या बाजूंनी. बाई त्यातल्या एकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"ही डावी बाजू ना? दार आत चेपलंय, खालची पट्टी मोडलीय."

"पुलाचा कठडा लागला तो तिथे," मी म्हणालो. "बाबांच्या अपघातात."

"उजवी बाजू?"

"उजव्या बाजूला ओरखडाही नव्हता," उस्ताद म्हणाले. "दार मूळचंच वापरलं आम्ही."

"वडिलांना काय झालं होतं?"

मी सांगितलं. बाबा घड्याळजी होते. त्या अपघातात त्यांचा हात चिरडला, तीन बोटं कायमची अधू झाली. घड्याळाचं काम एका हाताने होत नाही. दुकान बंद झालं, आणि आईने पुढची पंधरा वर्षं शिवणयंत्रावर पडदे आणि गणवेश शिवून घर चालवलं. एकोणीस वर्षांचा असताना मी बाबांना तोंडावर म्हटलं होतं, "तुमच्या शौकापायी तुमचा हात गेला, आणि आईचं आयुष्य गेलं." ते काहीच बोलले नव्हते. त्यानंतर आमच्यात कामापुरतंच बोलणं राहिलं, ते गेले तोपर्यंत.

"कुठला हात?" बाईंनी विचारलं.

"डावा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग बाहेर उभ्या असलेल्या जळक्या गाडीकडे. स्टिअरिंग उजवीकडे होतं. कधी नव्हे तो माझ्या डोळ्यांसमोर तो अपघात उभा राहिला, आणि त्यात काहीतरी भयंकर चुकत होतं. चालवणारा माणूस उजवीकडे बसतो. त्याचा डावा हात गाडीच्या मधोमध असतो, गिअरवर. डाव्या दारात चिरडला जातो तो शेजारी बसलेल्या माणसाचा हात.

"बाबा चालवत नव्हते," मी म्हणालो.

"तुमची गॅरेजची किल्ली कुठे असते, डॉक्टर?"

"घरी. फ्रिजशेजारी खिळ्याला."

"आणि सोमवारी दुपारी घरी कोण असतं?"

५

आई इस्त्री करत होती. दोन दिवस ती गप्पच होती. सोमवारी संध्याकाळी मी फ्यूजच्या नावाने ओरडत घरात शिरलो, तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "इतक्यात कुणाला काही बोलू नकोस रे." गाडीचा विषय निघाला की उठून जाणारी माझी आई. माझ्या माहितीत गॅरेजची पायरी ती कधी चढली नव्हती. चौसष्ट वर्षांची, माझ्या खांद्याला जेमतेम लागणारी.

 बाईंनीच नमस्कार करून विचारलं, "सोमवारी तुम्ही गाडीची बॅटरी जोडलीत, ताई?"

आईने इस्त्री उभी केली, बटण बंद केलं.

"अधिक पत्र्याला, उणे तारेला," ती म्हणाली. "हे असंच म्हणायचे. मी अगदी तसंच लावलं. तो क्लॅम्प बसेना, तरी लावला. किल्ली फिरवली तर हूं नाही की चूं नाही. म्हटलं, मला ओळखत नाही ही आता. कुलूप लावून परत आले. मग पेटली कशी?"

"आता उलटं आहे, ताई. नवीन यंत्रं बसवली तेव्हा बदललं."

आई मटकन पलंगावर बसली. "म्हणजे मीच जाळली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुसऱ्यांदाही मीच."

 मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"तू चालवत होतीस?"

"दर गुरुवारी दुकान बंद असायचं. तू शाळेत. गावाबाहेरच्या रस्त्यावर ते मला शिकवायचे. मला छान यायला लागली होती. पुलावर समोरून सायकलवाला आला, त्याला वाचवायला मी गाडी डावीकडे घातली. ह्यांचा हात दारावर होता." ती थांबली. "मला लायसन्स नव्हतं. लोक येण्याआधी त्यांनी मला खाली उतरवलं आणि स्वतः सरकत माझ्या जागेवर जाऊन बसले. तो हात मांडीवर घेऊन. कण्हले पण नाहीत, मला कळू नये म्हणून."

"आणि मी जे बोललो त्यांना? तू स्वयंपाकघरात होतीस तेव्हा."

"दारात होते."

मी भिंतीला टेकलो. 

"त्यांना म्हटलं, उद्या सांगून टाकते पोराला. तर म्हणाले, एकावर रागावलाय तेवढं पुरे. दोघांवर रागावला तर घर सोडून जाईल, मग त्याला जेवायला कोण वाढणार?" तिने पदराने नाही, इस्त्री केलेल्या माझ्याच शर्टाने डोळे पुसले. "मी दरवर्षी विचारायचे. ते दरवर्षी नको म्हणायचे. मग ते गेले, आणि मला एकटीला जमेना. आता रविवारी तू मला शेजारी बसवणार होतास. त्यांच्या जागी. कुठल्या तोंडाने बसू? म्हटलं, आपणच चालवत नेऊन तुझ्या दवाखान्यासमोर उभी करावी. तू विचारशील, आई, तुला गाडी येते? मग सांगावंच लागेल."

सर्वेयरबाई हळूच बाहेर गेल्या. त्यांनी अहवालात नंतर एकच ओळ लिहिली: बदलाची माहिती नसलेल्या घरच्या व्यक्तीकडून झालेली चूक.

मी आईजवळ गेलो नाही. खोटं कशाला सांगू? मला तिचा राग आला होता, बाबांचाही, आणि सगळ्यांत जास्त त्या एकोणीस वर्षांच्या पोराचा. मी जिन्यात जाऊन बसलो आणि कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

६

सकाळी फ्यूजकडे गेलो. त्याने दारातच थांबवलं.

"तुमची चूक झाली, कळलं मला," तो म्हणाला. "पण मला चोर ठरवलंत ते चारचौघांत. परत घ्यायचं तर तेही चारचौघांतच."

त्याचं बरोबर होतं. दुपारी गॅरेजमध्ये सगळे जमले. उस्ताद, काचवाला, त्याचे कामगार, रंगारी. मामा आला होता, म्युझियमही. फ्यूज एका बाजूला उभा होता, हाताला पट्टी. मी आईचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं.

"परवा मी इथे जे बोललो ते खोटं होतं," मी म्हणालो. "फ्यूजनी माझी गाडी वाचवली आणि मी त्यांच्यावर आळ घेतला. मी त्यांची माफी मागतो. बॅटरी आमच्या घरातल्याच कुणाकडून..."

"कुणाकडून नाही. माझ्याकडून."

सगळे वळले. शटरखाली आई उभी होती, एकटी चालत आलेली, चेहरा घामाने डबडबलेला. ती सरळ आत आली, गाडीपाशी थांबली आणि सगळं सांगितलं. आधी सोमवारचं, मग तीस वर्षांपूर्वीचं. आवाज एकदाही चढला नाही. म्युझियमनी डोक्यावरची टोपी काढली. मामाने तोंड भिंतीकडे फिरवलं. आपल्या सख्ख्या बहिणीचं इतकं मोठं गुपित त्याला आज कळत होतं, आणि त्याचे खांदे हलत होते.

आई फ्यूजसमोर गेली. "तुमचा हात माझ्यामुळे भाजला."

 मला वाटलं, आता फ्यूज तिला सुनावेल.

"बॅटरी जोडायला कुणी शिकवलं तुम्हाला?" त्याने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने."

"चांगलं शिकवलं होतं. ते शिकवलं तसं तुम्ही बरोबरच जोडलीत. गाडी बदलली हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत होता. दोन वर्षं मी आईला या गाडीबद्दल एक शब्द विचारला नव्हता, सांगितलाही नव्हता. तिला ती आवडत नाही, असं मीच ठरवून टाकलं होतं.

उस्तादांनी कामगारांना पांगवलं. फ्यूज वाकून वितळलेल्या डॅशबोर्डखाली शिरला, डाव्या हाताने एक जळकी वायर ओढून पाहू लागला. आईसाठी कुणीतरी स्टूल आणलं, पण ती बसली नाही, उजव्या दाराशी उभी राहून आत बघत राहिली.

"डॉक्टर," आतून फ्यूजचा आवाज आला, "दिवा धरा जरा. माझा एकच हात आहे."

मी गुडघ्यावर बसून दिवा धरला. उजेड सारखा हलत होता, मला तो स्थिर ठेवता येईना.  वायर हातात धरून फ्यूज थांबला, माझा हात थांबेपर्यंत.